पुल्पिटाखालच्या नागिणी: गावच्या चर्चमधल्या कोरीव लाकूडकामाच्या नोंदी

7 नोव्हेंबर 2023

पाऊस ओसरला, भिंती सुकल्या, काम सुरू केलं. चर्च दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतलं आहे. गावाचं नाव या नोंदींत येणार नाही. आडबाजूच्या चर्चमधून आणि देवळांमधून जुन्या कोरीव वस्तू चोरीला जातात, आणि या नोंदी कुणीही वाचू शकेल. फादर विगारांशीही (चर्चच्या मुख्य पाद्र्यांशीही) तसंच ठरलं आहे.

काम म्हणजे लाकडी सामानाची नवी सूची. मुख्य आल्तार म्हणजे वेदी, बाजूचे दोन आल्तार, पुल्पिट म्हणजे प्रवचनाचा उंच मंच, सॅक्रिस्टीतली (पाद्र्यांच्या तयारीच्या खोलीतली) वस्त्रांची मोठी पेटी, कन्फेशनरी म्हणजे पापकबुलीची चौकट, वरच्या माळ्याचा कठडा. प्रत्येकापुढे लाकूड कुठलं, काळ कुठला, घडवणारा कोण, हे जेवढं सिद्ध करता येईल तेवढं लिहायचं. जुनी टंकलिखित सूची फादरांनी दाखवली. पुल्पिटापुढे "जुने, स्थानिक कारागीर", आणि त्याखाली प्रत्येक ओळीत "वरीलप्रमाणे". अशी नोंद कुठल्याही वस्तूपुढे चालून जाते, म्हणजे ती कुठल्याच वस्तूची नसते. ही ओळ बदलणं हेच या कामाचं उद्दिष्ट.

9 नोव्हेंबर

पूर्ण दिवस पुल्पिटापाशी. डाव्या भिंतीला, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर. सहा बाजू. एक पायऱ्यांकडे उघडी, एक भिंतीला टेकलेली, उरलेल्या चार बाजूंवर येशूचं चरित्र लिहिणारे चार शुभवर्तमानकार आपापल्या खुणांसह: मत्तयाजवळ देवदूत, मार्कपाशी सिंह, लूकपाशी बैल, योहानापाशी गरुड. बैलाला वशिंड आहे. ज्यानं तो कोरला त्यानं बैल रोज पाहिलेला होता.

खरी करामत खालच्या अंगाला आहे. सहा कोपऱ्यांखाली सहा नागिणी. कमरेपर्यंत स्त्री, हात वर करून पुल्पिटाचा तळ पेललेला, कमरेखाली खवल्यांची शेपटी. शेपट्या खाली येता येता पानांत मिसळतात आणि तळाशी एका कमळासारख्या बोंडात एकवटतात. गळ्यात ठुशीसारखा दागिना, कानात मोठी कर्णफुलं. अशा नागिणी गोव्यातल्या पुष्कळ पुल्पिटांखाली आहेत, त्यामुळे त्यांचं असणं नवं नाही. त्या कशा कोरल्या आहेत ते पाहायचं.

शिडीवर चढून एकेकीचा चेहरा बघितला. चौघींच्या वरच्या पापणीला दोन रेघा आहेत: एक डोळ्यालगत, एक तिच्या वर, आणि दोन्ही बाहेरच्या कोपऱ्यात भेटत नाहीत, किंचित उघड्या राहतात. खवल्यांना प्रत्येकी मधोमध बारीक कणा आहे. भिंतीकडच्या दोघींना पापणीची एकच रेघ, आणि खवले म्हणजे नुसते अर्धगोल, एकावर एक बसवलेले. खालून उभं राहून पाहिलं तर सहाही सारख्याच दिसतात, कारण सगळ्यांवर तपकिरी ऑइलपेंटचा जाड थर आहे.

14 नोव्हेंबर

तुलनेसाठी जुन्या गोव्याला. तिथल्या बॉम जेझू चर्चच्या पुल्पिटावर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चर्चचे चार आचार्य आहेत, आणि खाली सात आकृत्या पुल्पिट तोलून धरल्यासारख्या. रचना ओळखीची वाटते, हात नव्हे. तिथल्या चेहऱ्यांत पापण्यांची ती उघडी जोडरेघ नाही. सांता मोनिकाच्या इमारतीतल्या ख्रिस्ती कला संग्रहालयातही बराच वेळ काढला. हा संग्रह 1994 मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झाला आणि 2002 मध्ये इथे आला. कोरीव लाकडाच्या वस्तू इतक्या जवळून आणि चांगल्या उजेडात पाहायला मिळणं हीच मोठी गोष्ट.

बॉम जेझूमध्ये उभी असताना एक गोष्ट मनात सलत राहिली. संत फ्रान्सिस झेविअरच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनीनं घडवला, टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो द मेदिची यानं तो पाठवला, 1698 मध्ये तो इथे बसला. हे सगळं नावानिशी माहीत आहे. त्याच चौथऱ्यावर ठेवलेली चांदीची पेटी 1636-37 मध्ये गोव्याच्या सोनारांनी केली. तिच्या आराखड्याबरोबर मार्सेलो मास्त्रिली या इटालियन जेझुइटाचं (येशूसंघाच्या पाद्र्याचं) नाव सांगतात. चांदी ठोकणारे मात्र "गोव्याचे सोनार" एवढेच. दगड पाठवणाऱ्याचं नाव राहिलं, चांदी घडवणाऱ्याचं गेलं. आमच्या गावात तर आराखड्याचंही नाव नाही. म्हणून हातच वाचायचे.

22 नोव्हेंबर

पुल्पिटाच्या मागे भिंतीला उभी फळी आहे, तिच्यावर छत. फळी सपाट आहे असंच सगळे समजत होते. संध्याकाळी चर्च बंद झाल्यावर दिवे घालवले आणि एकच दिवा फळीला जवळजवळ चिकटून, एका बाजूनं धरला. तिरक्या उजेडात ऑइलपेंटखालचे चढउतार सावल्या टाकू लागतात. आधी दोन पंख दिसले. मग मान, आणि दुसऱ्या बाजूला दुसरी मान. दोन डोक्यांचा पक्षी. छातीवर एक फुगीर आकार, त्यात तिरप्या खाचा. छायाचित्रकार सहकाऱ्यानं दिवा चारही बाजूंनी फिरवून चित्रं घेतली. चारही चित्रं एकत्र पाहिली तेव्हा शंका उरली नाही: तो फुगीर आकार हृदय आहे आणि खाचा म्हणजे त्यात घुसलेले बाण.

फादर खालीच होते. म्हणाले, "मी इथे इतकी वर्षं प्रवचन करतो, माझ्या पाठीमागे हे होतं?"

23 नोव्हेंबर

रात्री झोप नीट लागली नाही. दोन डोक्यांचा पक्षी दिसला की आपल्याकडे आधी गंडभेरुंड आठवतो. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो आहे, केळदीच्या रामेश्वराच्या देवळात छताला आहे, महाराष्ट्रातल्या काही गडांच्या दरवाज्यांवर आहे. नुसता पक्षी असता तर काहीच ठरवता आलं नसतं. पण बाणांनी विद्ध हृदय ही संत ऑगस्टिनची खूण, आणि गोव्यातले ऑगस्टिनियन, म्हणजे त्याच्या नावाच्या धर्मसंघातले पाद्री, दोन डोक्यांचा गरुड आपलं चिन्ह म्हणून वापरत. दोन्ही एकत्र आले की ते चिन्ह त्या संघाचं.

आता अडचण इथे. सासष्टी जेझुइटांकडे होती, बार्देश फ्रान्सिस्कनांकडे. आमच्या मुख्य आल्तारावर जेझुइटांचं आयएचएस, म्हणजे येशूच्या नावाची अक्षरं, आहे, वर क्रूस, खाली तीन खिळे. सासष्टीतल्या जेझुइट चर्चमध्ये ऑगस्टिनियनांचं पुल्पिट मुळात कसं असेल? 1759 मध्ये जेझुइटांना हाकललं, 1835 मध्ये बाकीचे संघही बरखास्त झाले. जुन्या गोव्यातले मठ ओस पडले. ऑगस्टिनियनांच्या ग्रासा चर्चची कमान 1842 मध्ये कोसळली, आज तिथे अर्धा मनोरा उरला आहे. त्या काळात आल्तार, घंटा, मूर्ती, फरशा असं बरंच सामान दुसरीकडे गेलं. ग्रासाची घंटाच आज पणजीच्या चर्चमध्ये आहे. आपल्याकडेही वसई 1739 मध्ये मराठ्यांनी घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर 1721 हे साल आजही वाचता येतं. वस्तू आज जिथे आहे तिथेच ती घडली, असं धरून चालणं या प्रदेशात धोक्याचं आहे.

24 नोव्हेंबर

पुन्हा शिडी. या वेळी फक्त कडा बघायच्या असं ठरवून गेले. भिंतीकडच्या दोन्ही कडांना द्राक्षवेलीची कोरीव पट्टी करवतीनं तोडलेली आहे. एका बाजूला द्राक्षाचा घड बरोबर अर्धा. तोडलेल्या लाकडावर सोन्याचा वर्ख नाही, पांढरा थरही नाही, थेट ऑइलपेंट. म्हणजे पुल्पिट आधी पूर्ण झालं, वर्ख चढला, आणि नंतर कधीतरी या भिंतीत बसावं म्हणून कापलं गेलं. पायऱ्यांची दगडी चौकटही पुल्पिटाच्या दारापेक्षा वीतभर बाजूला आहे. तिथे साधी फळी ठोकून फट बुजवली आहे.

हे पुल्पिट या भिंतीसाठी केलेलं नाही. एवढं पक्कं.

2 डिसेंबर

उद्या साव फ्रान्सिश्कुचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेविअरचं, फेस्त. चर्चमध्ये गर्दी, काम बंद. फक्त जुने फोटो मागितले. दोन घरांनी आजोबांच्या लग्नाचे दिले. पुल्पिट पाठीमागे धूसर दिसतं, रंग आजच्यासारखाच गडद.

11 डिसेंबर

लाकूड आणि खिळे.

नागिणींच्या मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या भागातून टाचणीच्या डोक्याएवढे तुकडे घेतले, फादरांच्या लेखी परवानगीनं. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली आडवा छेद. चौघींचं लाकूड सागवान: दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ, मग बारीक. दोघींचं लाकूड वेगळं: छिद्रं सगळीकडे विखुरलेली, ओळ नाही, आणि ताज्या छेदावर पिवळी झाक. फणस. पुढे पाऊस-दमटपणात किती टिकेल याचा विचार करणारा सुतार सागवान मागतो. परसात झाड असेल तर फणस घेतो.

चौघींचे जुने सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के केले आहेत, खिळे जवळजवळ नाहीत. फणसाच्या दोघी लोहारानं ठोकलेल्या चौकोनी खिळ्यांनी बसवल्या आहेत. गोल तारेचा, कारखान्यातला खिळा त्या दोघींत एकही नाही. तारेचे खिळे आहेत ते नंतरच्या डागडुजीतले, आणि त्यांच्यामुळेच लाकूड तडकलं आहे.

मागची बाजू दोन्हींत रंधा न मारता सोडलेली. सागवानावर वाकसाचे रुंद, किंचित खोलगट टवके. फणसावर करवतीच्या सरळ, थोड्या वाकड्यातिकड्या रेघा. म्हणजे हातानं ओढलेली करवत. गिरणीच्या गोल पात्याच्या कमानदार खुणा कुठेही नाहीत.

5 जानेवारी 2024

आज मेस्त आले. फोंड्याकडचे, वय सत्तरीच्या पुढे, देवळांच्या सभामंडपाचं लाकूडकाम आयुष्यभर केलेलं. आम्ही सगळे त्यांना मेस्तच म्हणतो. गुडघे दुखतात तरी शिडीवर चढले. बराच वेळ काही बोलले नाहीत. बोटांनी फक्त पानं चाचपत राहिले. ऑइलपेंटमुळे डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना कळतं, हे त्यांचं म्हणणं.

मग म्हणाले, "बाय, हें एकाच हाताचें न्हय." मी मुद्दामच त्यांना आमच्या आधीच्या नोंदी सांगितल्या नव्हत्या. त्यांनी बोटानं चार आणि दोन वेगळ्या केल्या. आमच्याही त्याच चार, त्याच दोन.

पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. फणसाच्या एका नागिणीच्या शेपटीवर जिथे पेंट खपली होऊन पडला आहे तिथे त्यांनी भिंग मागितलं. पानाच्या मधली खोलगट खाच गोल पटाशीनं मारलेली. त्या खाचेच्या तळाशी, डाव्या बाजूला, केसाएवढी उभी रेघ वर आलेली. पुढच्या खाचेत तीच रेघ, त्याच जागी. तिसऱ्या खाचेत तीच. मेस्त म्हणाले, ही पटाशीच्या धारेतली खोच. धार कुठेतरी खिळ्यावर आपटली, लहानसा तुकडा उडाला. आता त्या पटाशीनं मारलेल्या प्रत्येक खाचेत तेवढी जागा न कापता राहणार, आणि तिथे रेघ उठणार.

मग ते शिडीवरून उतरून, मी काही विचारायच्या आत, बाजूच्या डाव्या आल्तारापाशी गेले. सरळ खांबांवरच्या पानांमधून बोट फिरवलं. खालच्या पट्टीवर थांबले. "हांगाय आसा." इथेही आहे.

मी गुडघ्यावर बसून भिंग लावलं. खाच तेवढ्याच रुंदीची, रेघ डाव्या बाजूला, त्याच अंतरावर.

आणि त्यांनी पुढचं सांगितलं, ज्यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. सुतार रोज धार लावतो, कोरीवकाम करणारा तर दिवसातून कितीदा. खोच मोठी नसेल तर चार-आठ दिवसांच्या घासण्यात ती निघून जाते. म्हणून एकाच खोचेची रेघ दोन वस्तूंवर सापडली तर त्या दोन वस्तू केवळ एकाच माणसाच्या हातच्या नव्हेत, त्या एकाच कामाच्या आठवड्यातल्या आहेत.

6 जानेवारी

कालचं सगळं मोजपट्टी ठेवून, जवळून, पुन्हा छायाचित्रित केलं. नागिणीवरच्या आणि आल्तारावरच्या खाचांची रुंदी आणि कडेपासून रेघेचं अंतर जुळतं. आल्तारावर वरच्या पट्ट्यांमध्ये रेघ हळूहळू बारीक होत जाते आणि नंतर दिसेनाशी होते. म्हणजे आल्तार कोरता कोरता धार घासली जात होती, आणि नागिणी त्याआधी झाल्या. कुणी किती दिवसांत काय केलं याचा हा इतका बारीक पुरावा लाकडातच होता. कागदावर नव्हता.

उजव्या आल्तारावर ती रेघ नाही. पानांची ढब मात्र तीच आहे: टोकं गोल, देठ पृष्ठभागापासून सुटे न कापलेले.

एकोणिसाव्या शतकात इटलीत जोव्हानी मोरेल्ली या जाणकारानं चित्रं कुणाची हे ओळखलं ते कानांवरून, नखांवरून, कारण चित्रकार चेहऱ्यावर जीव ओततो पण कान सवयीनं काढतो. तो म्हणाला ते चित्रांबद्दल. लाकडात त्याच्याही पुढे जाता येतं, कारण इथे हत्यार स्वतः खूण सोडतं.

18 जानेवारी

एका ओळखीच्यांनी सुचवलं की नमुना कार्बन-14 तपासणीला पाठवा. पाठवणार नाही. साधारण 1650 नंतरच्या लाकडाला ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी आहे; त्या काळातला वातावरणातल्या कार्बनचा आलेख इतका वरखाली होतो की उत्तर दोन-तीनशे वर्षांच्या पट्ट्यात येतं. शिवाय ते झाड तोडल्याचं साल सांगेल, कोरल्याचं नव्हे. गोव्यात जुनं सागवान घरांच्या तुळयांतून काढून पुन्हा वापरतात.

त्याऐवजी रंगांचे थर पाहिले. रंगातली मूलद्रव्यं ओळखणारं, हातात धरायचं एक्स-रे फ्लुरोसन्सचं यंत्र एका दिवसापुरतं मिळालं. वरच्या ऑइलपेंटमध्ये टायटॅनियम भरपूर. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, तेव्हा हा गडद थर विसाव्या शतकातला. त्याच्याखाली, सागवानाच्या चौघींवर, तांबड्या मातीवर सोनं. सगळी रीत तीच: खडू आणि सरसाचा पांढरा थर, त्यावर तांबडी माती, त्यावर वर्ख, मग अकीकानं घोटणं. फणसाच्या दोघींवर हे काहीही नाही. लाकडावर थेट पिवळसर रंग, सोन्याच्या शेजारी लांबून खपून जाईल असा.

30 जानेवारी

फाब्रिकचे, म्हणजे चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे, हिशेबाचे जुने बाड. पोर्तुगीज, शाई लोहयुक्त, काही पानांत अक्षरांच्या जागी कागदच खाल्ला गेला आहे. पान उलटताना खाली कार्ड सरकवून धरावं लागतं. पोर्तुगीज वाचायला एक जाणकार बाई सोबत होत्या, नाहीतर माझ्यानं निभावलं नसतं.

1840 च्या दशकातल्या एका पानावर पडावाचं (मालवाहू होडीचं) भाडं आणि हमाली, पुल्पिट आणि इतर लाकूडसामान आणण्याबद्दल. रक्कम अशरफी आणि टंग्यांत, एका अशरफीला पाच टंगे. कुठून आणलं ते लिहिलेलं नाही. जुन्या गोव्याहून सासष्टीकडे पडाव यायचा तर मांडवी नदीतून कुंभारजुव्याच्या खाडीवाटे जुवारी नदीत येता येतं, पाण्याची वाट उघडीच होती. पण पडाव म्हटलं की मूळ ठिकाण सिद्ध झालं असं नव्हे.

पुढच्या पावसाआधीच्या नोंदीत सुताराची मजुरी, लोहाराचे खिळे, आणि चर्चच्याच जमिनीतलं फणसाचं झाड पाडल्याचा खर्च. त्याखाली डाव्या आल्ताराचं काम. सुताराचं नाव नाही. त्याच पानावर मेणबत्त्या देणाऱ्याचं नाव आहे, वाद्य वाजवणाऱ्याचं आहे. सुतार फक्त "सुतार".

हे पान मी बराच वेळ समोर ठेवून बसले. त्याची मजुरी लिहायला शाई होती, नावाला नव्हती.

1 फेब्रुवारी

गावातल्या एका शिक्षिका बाईंनी आज आपुलकीनं विचारलं, "नागिणी म्हणजे हिंदू सुतारानंच कोरल्या असणार ना? गुपचूप?" हा प्रश्न मला सगळीकडे ऐकू येतो आणि त्याचं नीट उत्तर लिहून ठेवायला हवं.

1567 च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनं ख्रिस्ती लोकांनी पूजेच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असं फर्मावलं. असा नियम करावा लागतो तो कामं त्यांच्याकडे जात होती म्हणूनच. तेव्हा हिंदू सुतारानं चर्चसाठी काम केलं असणं अगदी शक्य आहे. पण नागीण दिसली म्हणून सुतार हिंदू, हे त्यातून निघत नाही. धर्म बदललेल्या सुताराच्या घरातली हत्यारं तीच, बापाकडून शिकलेली पानं तीच, खवलेही तेच. युरोपातल्या कोरीवकामातही शेपटीच्या स्त्रिया आहेत, आणि नमुना म्हणून एखादं छापील चित्र समोर ठेवलेलं असू शकतं. आणि गुपचूप तर मुळीच नव्हे. प्रवचन करणाऱ्या पाद्र्याच्या पायाखाली, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर, सोन्याचा वर्ख लावलेल्या नागिणी कुणी लपवून ठेवत नाही. त्या मागवल्या गेल्या, पसंत पडल्या, त्यांचे पैसे चुकते झाले.

बाईंना पटलं की नाही माहीत नाही. मला मात्र हे मनापासून वाटतं की चोरून कोरल्याची गोष्ट सांगून आपण त्या कारागिराला मोठा करत नाही. त्याचं कौशल्य तेव्हाच्या लोकांनी उघडपणे मानलं होतं, तो मान आपण काढून घेतो.

16 फेब्रुवारी

उपवासाचा काळ लागला, चर्चमध्ये जांभळी वस्त्रं. काम शांतपणे चालतं.

सागवानाच्या हाताचा काळ ठरवण्याचा प्रयत्न. द्राक्षवेल, पक्षी, फुगीर भरगच्च पानं, पिळाचे छोटे खांब: पोर्तुगालमध्ये हा थाट साधारण 1675 ते 1725 या पन्नास वर्षांतला. पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याच्या काळात छतं, पडदे आणि देवदूत वाढतात. मग शिंपल्यासारख्या नक्षीचा हलका थाट येतो. आमच्या पुल्पिटात शिंपला नक्षी अजिबात नाही. पण गोव्यात जुना थाट पोर्तुगालपेक्षा जास्त काळ चालत राहिला, म्हणून पट्टा रुंद ठेवावा लागेल.

ऑगस्टिनियनांचं घर कुठलं हे चिन्हावरून ठरत नाही. जुन्या गोव्यात त्यांचा ग्रासा मठ होता, पोपुलो कॉलेज होतं, आणि 1606 मध्ये स्थापन झालेला सांता मोनिकाचा जोगिणींचा मठही त्यांच्याच नियमाचा. मठ ओस पडण्याचं वर्षही सगळ्यांचं एक नाही. सांता मोनिकातली शेवटची जोगीण 1885 मध्ये वारली. फादरांना "ग्रासाचं पुल्पिट" असं फलकावर लिहायचं होतं. मी नको म्हटलं. त्यांनी थोडा आग्रह केला, मग हिशेबाचं पान पुन्हा पाहिलं आणि सोडून दिलं.

27 फेब्रुवारी

नव्या सूचीतली नोंद आज फादर, मेस्त आणि मी बसून ठरवली. मजकूर असा:

पुल्पिट. सागवान, दोन नागिणी फणसाच्या. सतराव्या शतकाचा शेवट ते अठराव्या शतकाचा मध्य, सागवानाचं काम एका मुख्य हाताचं (ओळख: दुहेरी, बाहेरच्या कोपऱ्यात न जुळणारी पापणी, कणा असलेले खवले). ऑगस्टिनियन संघासाठी घडलेलं. मूळ घर निश्चित नाही. 1840 च्या दशकात पाण्याच्या वाटेनं इथे आणलं, भिंतीकडच्या कडा कापल्या. भिंतीकडच्या दोन नागिणी त्यानंतर लगेच गावात केलेल्या, डाव्या आल्ताराच्या सुताराच्या हातच्या. दोन्हींवर एकाच पटाशीची खूण. तपकिरी रंग विसाव्या शतकातला.

डावा आल्तार. फणस आणि सागवान, वरील सुतार, त्याच सुमाराचा. उजवा आल्तार: त्याच सुताराचा किंवा त्याच्या हाताखाली शिकलेल्याचा.

"स्थानिक कारागीर" हे शब्द कुठेही नाहीत. मेस्तांनी एक सुचवलं ते मी तसंच घेतलं: दोन्ही हातांच्या खाचांची जवळून काढलेली छायाचित्रं मोजपट्टीसह नोंदीला जोडायची, म्हणजे सासष्टीत आणखी कुठे ती दुहेरी पापणी किंवा ती डावीकडची रेघ कुणाला सापडली तर जुळवून पाहता येईल. तीन चर्चमधून फोटो मागवले आहेत.

तपकिरी रंग काढायचा की नाही याचा निर्णय संवर्धकावर. वर्ख खाली कसा आहे हे छोट्या तपासणीशिवाय कळणार नाही, आणि पावसात तर त्याला हातच लावायचा नाही. त्याआधी पायऱ्यांच्या फटीतली वाळवी बघावी लागेल.

दुपारी कन्फेशनरीला हात घातला. मागच्या फळीवर गिरणीच्या गोल पात्याच्या कमानी, सगळीकडे तारेचे खिळे, जाळीची नक्षी साच्यावरून कापलेली. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, फार विचार करायची गरज नाही. आता वस्त्रांची पेटी. तिचे कप्पे उघडत नाहीत. लाकूड फुगलं आहे. एप्रिलच्या कोरड्या उन्हापर्यंत थांबायचं ठरलं.